एकोणिसाव्या किलोमीटरचा सत्कार

पुण्यातल्या शर्यतीच्या रस्त्याकडेला, एकोणीस किलोमीटरच्या पाटीखाली, लाल प्लास्टिकची खुर्ची दिसली आणि राजपालने पळता पळताच कपाळावर हात मारला. खुर्चीमागे त्याच्या तेर गावचे माजी सरपंच हिंमतराव उभे होते. एका हातात माईक, दुसऱ्या हातात नारळ. शेजारी राजपालची आई केशरबाई शाल घेऊन तयार. ह्या सरंजामाचा अर्थ तेरमध्ये जन्मलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

राजपाल तेरच्या शाळेत मास्तर. गावातल्या बुद्धविहाराच्या खोलीत त्याने अभ्यासिका काढली होती, पण तिथे ना टेबल, ना पुस्तकं. भरतीची तयारी करणारी पोरं फरशीवर पालथी पडून वाचत. त्याची भाची श्रावस्ती तर एकाच पुस्तकाची पानं सुटी करून मैत्रिणींत वाटून अभ्यास करायची. शेवटी पुण्यातली एक कंपनी म्हणाली, आमच्या शहरातली अर्धमॅरेथॉन तीन तासांच्या आत पळून दाखवा, अभ्यासिकेचं सगळं सामान आमच्याकडून. चार महिने मास्तर ढोकीच्या रस्त्याने पळत होते. कुत्री मागे लागली, पाव्हणेरावळे हसले, पण गडी हटला नाही.

आता घड्याळात दोन तास अडतीस मिनिटं झाली होती. दोन किलोमीटर उरलेले, हातात बावीस मिनिटं. अगदी आरामात जमत होतं.

"तात्या, बाजूला व्हा! पोचल्यावर करा सत्कार!" राजपाल लांबूनच ओरडला.

"तितं पास लागतोय. पोलीस सोडंनात," हिंमतराव माईकवरूनच म्हणाले. "म्हनून हितंच धरलाय कार्यक्रम."

राजपाल वळसा घालून निसटणार, तोच केशरबाईंनी त्याचा दंड पकडला. "बस की रं दोन मिंट. बारा मान्सं एका जीपात कोंबून आल्यात तुज्यापायी."

"आई, वेळ जातोय!"

"बस म्हन्ते न्हवं!"

आईच्या हाताला हिसडा देऊन पळणं राजपालच्या रक्तातच नव्हतं. तो बसला.

सत्कार म्हटला की त्याला क्रम असतो. आधी प्रास्ताविक झालं. मग ज्यांच्या हस्ते सत्कार व्हायचा त्यांचा सत्कार, म्हणून हिंमतरावांनी स्वतःचंच नाव पुकारलं आणि स्वतःच पुढे होऊन हार घालून घेतला. मग राजपालच्या डोक्यावर फेटा बांधायला घेतला, तो दोनदा सुटला. मागे राहिलेले, धापा टाकणारे, पोट सुटलेले सगळे पळणारे एकेक करून पुढे निघून चालले होते. राजपालच्या अंगाची लाही लाही होत होती.

"आपल्या गावचं ह्ये रत्न," हिंमतराव गरजले, "आज वाऱ्याच्या वेगानं धावतंय!"

"धावत नाही, तात्या! बसलोय!"

"आता फोटो. धनाजी कुठंय? धनाजीबिगर फोटो न्हाय!"

जीपवाला धनाजी आडोशाला गेला होता. तो सावकाश आला, हात पुसले, केस बसवले आणि फोटोत मधोमध उभा राहिला. फोटो निघाला तेव्हा नऊ मिनिटं गेली होती. राजपाल फेट्याशालीसकट उधळला.

तो पोचला तेव्हा तीन तास चार मिनिटं झाली होती.

मैदानाबाहेरच्या मांडवात कंपनीचे उमाशंकर साहेब भेटले. माणूस सभ्य होता. "मास्तर, मनापासून वाईट वाटतंय. पण नियम म्हणजे नियम."

राजपाल मटकन खाली बसला. श्रावस्तीला काय तोंड दाखवायचं, हेच त्याला कळेना. तेवढ्यात जीप आली आणि त्याचा बांध फुटला. आयुष्यात पहिल्यांदा तो हिंमतरावांवर ओरडला.

"वाटोळं केलंत तुम्ही! चार मिनिटांनी गेलं सगळं! कुणी सांगितला होता सत्कार? पोरं आता आणखी वर्षभर फरशीवर लोळतील, त्यांचा बी करा सत्कार!"

हिंमतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "ह्यातला साहेब कोनता?"

पुढचं फार झटपट झालं. खुर्ची आली. उमाशंकर साहेब काही बोलायच्या आत तिच्यात बसवले गेले. हिंमतरावांनी राजपालच्या अंगावरची शाल ओढली, डोक्यावरचा फेटा उचलला आणि दोन्ही गोष्टी साहेबांना चढवल्या. मांडीवर नारळ ठेवला.

"तेरच्या लेकरास्नी टेबल-खुर्च्या आन् पुस्तकं देनारे दानशूर," हिंमतरावांनी माईकवर जाहीर केलं, "उमाशंकर साहेब!"

बारा माणसांनी बावीस जणांच्या टाळ्या वाजवल्या. केशरबाईंनी साहेबांच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. तेवीस वर्षांच्या नोकरीत साहेबांना कुणी साधं फूल दिलं नव्हतं. ते उठले आणि त्यांनी माईक घेतला.

"टेबलं पंधरा दिवसांत पोचतील," ते कसेबसे म्हणाले. फेट्याला हात लावून पाहिला. "पंखेसुद्धा देतो."

टाळ्यांच्या कडकडाटात राजपाल पायाचे फोड धरून बसला होता. पोरांना टेबलं मिळाली म्हणून आनंद होत होता आणि त्या आनंदाचाही संताप येत होता.

"तात्या," तो म्हणाला, "मंग म्या एकवीस किलोमीटर पळालो कशाला?"

"आरं, तू पळाला नस्तास तर ह्यो साहेब आमाला कुठं घावला अस्ता?" हिंमतरावांनी माईक त्याच्या हातात कोंबला. "ऊठ, आभार मान. आन् लई लांबवू नगं, साहेबास्नी वेळेचं लई हाय."