शून्य दराची निविदा

एका जंगलात, बाळांनो, एक भरलेलं तळं होतं आणि तळ्याहून मोठं असं तळ्याचं कार्यालय होतं. पाणी प्यायचं तर कार्यालयातल्या सर्व्हरवरून टोकन निघावं लागे. टोकन नाही, तर पाणी नाही. जंगल सुधारलेलं होतं.

सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम कोल्ह्याच्या कंपनीची होती. उन्हाळ्यात ती वरचेवर बंद पडे. मग हरणांचा कळप काठावर उभा राहून पाण्याकडे नुसता बघत बसे.

एकदा ती बंद पडली, ती दोन दिवस झाले तरी सुरू होईना. एका हरिणीचं पाडस चक्कर येऊन पडलं.

"भाऊसाहेब, काहीतरी करा," हरिणी कारकून साळिंदराला म्हणाली. "हे पाडस फार दिवस काढायचं नाही."

साळिंदराला ठाऊक होतं, की सुगरणींनी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम विणली आहे. फुकट. कुणीही आत डोकवावं, टाका सैल दिसला तर घट्ट करावा. शेजारच्या जंगलांचे सर्व्हर तिच्यावरच चालत. त्याने तशी टिपणी लिहून खरेदी अधिकारी अस्वलापुढे ठेवली.

"तीन कोटेशनं जोडा," अस्वल म्हणालं.

"साहेब, ती फुकट आहे."

"मग फुकटाची तीन जोडा. त्यातलं स्वस्त कोणतं ते मी ठरवीन."

साळिंदराने सुगरणींच्या तीन थव्यांकडून लेखी आणलं. दर शून्य. अस्वलाने चष्मा लावला.

"तिन्ही दर सारखे? हे तर संगनमत. निविदा रद्द."

"साहेब, पाडस तहानेनं तळमळतंय."

"त्याचा अर्ज आलाय का?"

कोल्हा दाराशीच बसला होता. त्याने सुगरणींची सिस्टिम उतरवून घेतली, डब्यात घातली, डब्यावर आपल्या शेपटीचा शिक्का मारला आणि अशी किंमत लिहिली, की शेवटची शून्यं डब्याच्या मागच्या बाजूला गेली. त्याच्या दोन मेहुण्यांनी त्याहून चढ्या दराची कोटेशनं दिली. इतका नियमाला धरून व्यवहार पाहून अस्वलाचे डोळे पाणावले.

आठव्या दिवशी सर्व्हर सुरू झाला. तो आजतागायत बंद पडलेला नाही. अस्वलाचा सत्कार झाला.

पहिलं टोकन पाडसाच्या नावाने निघालं. हरिणी एकटीच आली होती. एकाचं टोकन दुसऱ्याला चालत नाही, म्हणून कार्यालयाने ते परत जमा करून घेतलं.

तात्पर्य: चांगली वस्तू फुकट मिळत असेल तर, बाळांनो, घाई करू नये. ती महाग होईपर्यंत थांबावं. तहान आपल्याला थोडीच लागलेली असते?