मित्राच्या वतीने

तरुणांच्या सहभागाशिवाय कोणतंही जनजागृती अभियान यशस्वी होत नाही, हे आता सर्वमान्य आहे. नाहीतर खुर्च्या लावायच्या कोणी?

डोळखांबकडच्या आमच्या गावात एचआयव्ही प्रतिबंधाची युवा समिती स्थापन झाली, तेव्हा हे भान कटाक्षाने राखलं गेलं. अध्यक्ष जयराम गुरुजी, निवृत्त शिक्षक, वय एकसष्ट (मनाने तरुण, तसा ठरावच झाला). प्रत्यक्ष तरुण दोन : दिनेश, आणि शहापूरच्या कॉलेजात शिकणारी ललिता. दिनेशला माइक देण्यात आला, म्हणजे धरायला. उद्घाटनाला गुरुजी एक तास दहा मिनिटं बोलले आणि आजाराचं नाव एकदाही न घेता त्यांनी 'तो विषय' संपूर्ण हाताळला. इतकं संयमी भाषण तालुक्यात पूर्वी झालेलं नाही.

तालुक्याला पाठवायच्या अहवालात 'प्रश्नपेटी' असा रकाना होता, म्हणून ललिताला एक पेटी मिळाली. तरुणांनी नाव न लिहिता शंका टाकायच्या. पेटी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ठेवली. तिथे कोण चिठ्ठी टाकतो यावर अकरा माणसं दिवसभर लक्ष ठेवून होती, त्यामुळे चार दिवस पेटी रिकामी राहिली. गावाला शंका नाहीत, असा निष्कर्ष गुरुजींनी काढला.

"गुरुजी, पिठाच्या गिरणीत ठेवू का?" ललिता म्हणाली. "तिथं सगळीच येतात, नि कोण कुणाकडं बघत नाय."

समितीने हरकत घेतली नाही. गिरणीकडे समितीपैकी कोणी कधी फिरकलंच नव्हतं.

आठवड्यात त्रेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. पैकी अडतीस 'एका मित्राच्या वतीने' होत्या. (आमचं गाव मैत्रीला जागणारं आहे.) डास चावून होतो का? एका ताटात जेवून? मेडिकलवाला सख्खा मेव्हणा असेल तर निरोध कुठून आणावा?

शनिवारी ललिताने गिरणी थांबवायला लावली, दिनेशच्या हातातला माइक घेतला आणि सरळ नाव घेऊन बोलली. डासाने होत नाही. ताटाने होत नाही. असुरक्षित संबंधातून होतो, वापरलेल्या सुईतून होतो, बाधित रक्तातून होतो. उपचार नसले तर आईकडून बाळाला होतो. तपासणी सरकारी केंद्रात फुकट आणि गुप्त. वेळेवर औषधं घेणारा माणूस चारचौघांसारखाच जगतो. एकूण नऊ मिनिटं.

"एवढंच व्हतं?" गिरणीवाली अंबूबाई म्हणाली. "मंग गुरुजी तासभर काय सांगत व्हते?"

एक चिठ्ठी मात्र ललिताने कुणासमोर वाचलीच नाही. 'एका वयस्क मित्राला फार भीती वाटते. विचारायचं कोणाला?' हेच वळणदार अक्षर फळ्यावर बघून ती चौथीपर्यंत शिकली होती. चिठ्ठी तिने चुलीत घातली आणि संध्याकाळी गुरुजींच्या अंगणात गेली.

"गुरुजी, सोमवारी मी तपासणी करायला शहापूरला चाललेय. कुणाच्या मित्राला यायचं असंल तर सकाळच्या एसटीला यावं."

गुरुजींनी हातातला तांब्या तुळशीत रिकामा केला. मग म्हणाले, "मी येतो गो. येकट्यानं नाय जमणार." भाषणातली प्रमाणभाषा त्या वाक्यात औषधालाही नव्हती.

केंद्रातल्या बाकावर गावचे आणखी चार जण भेटले, त्यात उपसरपंच आणि न्हावी शेखर. चौघेही आपापल्या मित्राला सोबत म्हणून आले होते. मित्र मात्र एकाचाही पोचला नव्हता. समुपदेशक बाई अनुभवी होत्या. "मित्र येईपर्यंत तुमचंच रक्त घेते," म्हणाल्या.

आधी ललिता आत जाऊन आली. मग गुरुजी उठले. बाहीचं बटण निघेना, ते तिनेच काढून दिलं. दारात थांबून त्यांनी "एचआयव्हीची तपासणी करायची आहे" असं इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं, की बाकावरचे चौघे ताठ बसले.

बाहेर आल्यावर गुरुजींनी दोन वडापाव खाल्ले. यावरून काही अनुमान काढू नये. औषधं सुरू झालेल्या माणसालाही भूक लागतेच. पुढच्या सभेला अध्यक्षपदी त्यांनी स्वतः ललिताचं नाव सुचवलं आणि खुर्च्या लावल्या.

गुरुजींचा निकाल काय आला, हे तुम्हाला विचारायचंय, मला ठाऊक आहे. तो गुप्त असतो. तरी दुसऱ्याच्या तब्येतीबद्दलची तुमची ही आस्था वाखाणण्याजोगी आहे. तुमची स्वतःची तपासणी कधी झाली होती? नाही, आठवायला वेळ घ्या. बाकावरचे सरकून बसतील, अजून एक माणूस सहज मावेल.