पुढच्या ब्रेकमधली पाचर

"सांध्यात केस शिरला, तर समजावं सुतार झोपला होता."

हे वाक्य मामांच्या कानावर पडलं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते आणि बोलणारे त्यांचे वडील पटाशीच्या मुठीनं पाठ खाजवत होते. वडील गेले, पटाशी झिजली, वाक्य काही झिजलं नाही. मामांनी जन्मभर जग घट्ट करत आणलं. डुगडुगती खुर्ची, करकरतं दार, शेजारणीच्या पातेल्याचा कान, काही म्हणजे काही सोडलं नाही. एकदा पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेले, डॉक्टरांच्या टेबलाचा हलणारा पाय बसवला, आणि पोटाचं सांगायचं विसरून घरी आले!

तर असे हे मामा त्या दिवशी सकाळी भाचीच्या मोटारसायकलवर बसले. उभ्या मोटारसायकलवर. भाची ही गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची आणि आज तिची परीक्षा होती. न थांबता सहा चकरा ठरल्या वेळेत मारल्या की शर्यतीचा परवाना, संधी तीन, तिन्ही हुकल्या की पुढच्या वर्षापर्यंत घरी. दोन वर्षं पोरगी या दिवसाकडे डोळे लावून बसली होती.

मामांनी सहज पुढच्या ब्रेकचा दांडा ओढला. दांडा आधी केसभर नुसताच हलला आणि मग ब्रेक लागला.

केसभर!

भाची आत हातमोजे शोधत होती. मामांनी खिशातून सागवानाची कपची काढली, नखाएवढी केली, काचकागदावर घासली, दांडा आणि त्यामागचा ब्रेकचं तेल ढकलणारा दट्ट्या यांच्यामधल्या फटीत सरकवली आणि वर सरसाचा एक थेंब सोडला. मग पुन्हा दांडा ओढून पाहिला. बोट लावायचा अवकाश, ब्रेक हजर! मामा प्रसन्न झाले. कुणाला काही बोलले मात्र नाहीत. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये, असं ते दान होतं.

ट्रॅकवर मामांचं काम ठरलेलं असे. कठड्यापाशी उभं राहायचं, गाडी समोरून गेली की घड्याळाची कळ दाबायची. भाची सुटली. आधी लांबवर भुंगा गुणगुणावा तसा आवाज आला, मग भुंग्याचं मोहोळ झालं, मोहोळाचं वादळ झालं, आणि वादळ मामांच्या छातीवरून पलीकडे गेलं. कळ दाबली. दोन चकरा अशा झाल्या की घड्याळ लाजावं. तिसऱ्या चकरेला मात्र वादळ धापा टाकत आलं. चौथीला आलंच नाही.

भाची गाडी ढकलत आली. पुढचं चाक फिरायलाच तयार नव्हतं. ब्रेक सोडलेला असूनही त्यानं चाकाला मगरमिठी मारली होती. चाकावरची ब्रेकची चकती तापून मोरपिशी निळी झालेली, आणि असा वास की नाक दाबून धरावं. ती म्हणाली, हात लावला नाही तरी ब्रेक आपोआप लागतोय, कुणीतरी मागून पदर धरून ओढावं तसं.

सगळे जमून बघेपर्यंत गाडी गार झाली, आणि चाक भिंगरीसारखं फिरायला लागलं. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरलेलं पोर असतं ना, तसं!

मामांनी बाह्या सरसावल्या. लाकूड काय, लोखंड काय, शेवटी सांधा तो सांधाच, असं म्हणून त्यांनी निदान केलं की चकतीला दोन्हीकडून धरणाऱ्या कॅलिपरमध्ये धूळ बसली आहे. शेजारच्या गाडीवर परीक्षेला आलेले एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी अंगातल्या कातडी पोशाखासकट वाकून पाहिलं, मान हलवली आणि मुळापासून साफ करावं लागेल म्हणाले. दोन नवे दातांचे ब्रशही दिले. मामांनी कॅलिपर असा घासला की बाळाला न्हाऊ घातल्यासारखा चमकायला लागला.

दुसरी संधी. दोन चकरा वाऱ्यासारख्या. तिसरीत धूर.

परीक्षा घेणारे झेंडेवाले साहेब स्वतः चालत आले. म्हणाले, शेवटची संधी अर्ध्या तासात आहे, आणि या गाडीतून पुन्हा धूर दिसला तर मी ती ट्रॅकवर राहू देणार नाही. भाची नुसती हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मामांना ते बघवेना. ते तांब्याभर पाणी घेऊन चाकावर ओतायला धावले.

"थांबा. गार करू नका," मागून आवाज आला. "गरम आहे तोवरच ते खरं बोलेल."

ट्रॅकच्या वर्कशॉपच्या मिस्त्रीणबाई होत्या. केस पांढरे, बोटं काळी. त्यांनी आधी चाक ढकलून पाहिलं: घट्ट. मग खाली कॅलिपरवरची बारीक नळी पान्यानं अर्धा आटा सैल केली. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं! म्हणजे धूळ नाही, गंज नाही, आत दाब कोंडला होता. नळी आवळली. धग अजून होतीच. मिनिटाभरात चाक पुन्हा जखडलं. आता बाईंनी वर, दांड्यापाशी तेलाचा जोड सैल केला. चाक पुन्हा सुटलं. बाई म्हणाल्या, वरून सुटतंय, म्हणजे मधला पाइप मोकळा आहे. दुखणं दांड्यापाशी.

मामा आ वासून बघत होते. न उघडता, न ठोकता, ही बाई वैद्यानं नाडी बघावी तशी दुखणं बोटानं वर वर सरकवत नेत होती.

"इथं आत सुईच्या टोकाएवढं भोक असतं," बाई सांगत होत्या. "दांडा सोडला की दट्ट्या पार मागं जातो आणि ते भोक उघडतं. तापून फुगलेलं तेल तिथून आपल्या डबीत परत जातं. दट्ट्या केसभर जरी पुढे राहिला, तर भोक बंद. मग तेल जाणार कुठं? ते ब्रेकच दाबत बसतं. म्हणून तर दांड्याला केसभर ढिलाई ठेवायची असते."

एवढा मोठा वेग, एवढं मोठं चाक, आणि सगळ्याचा जीव सुईच्या टोकाएवढ्या भोकात! मामांच्या अंगावर दोनदा काटा आला. पहिल्यांदा थक्क होऊन. दुसऱ्यांदा वेगळ्याच कारणानं.

बाईंनी दांडा खोलला, चिमटा घातला आणि कपची उजेडात धरली.

"हे काय?"

"कारखान्यातूनच आलं असेल," मामा म्हणाले.

"कारखान्यात सागाचं झाड आहे का?" बाईंनी कपची फिरवून पाहिली. "काम सुरेख आहे. कडासुद्धा घासल्यात. अजून एक चक्कर झाली असती तर चाक वळणातच जखडलं असतं, आणि पोरगी हँडलवरून पुढे."

 मामा तिथल्या एका उलट्या बादलीवर बसले. "ढिलं वाटलं मला," एवढंच म्हणाले.

भाचीनं त्यांच्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मामा, यापुढे गाडीला हात लावायचा नाही," ती हळूच म्हणाली आणि हेल्मेट घालून गेली.

बाईंनी दांडा पुन्हा बसवून दिला. तिसरी संधी. मामा कठड्याशी उभे राहिले. दूरच्या वळणावर एक ठिपका आडवा झाला, इतका आडवा की गुडघा जमिनीला घासत होता. गवतावरून वाऱ्याची लाट जावी तशी ती गाडी या कुशीवरून त्या कुशीवर वळली. कुठं धक्का नाही, कुठं जोर नाही. आणि वर बसलेली ती कोण? हिला आपण बोट धरून चालायला शिकवलं? मामांचा हात घड्याळावर होता, कळ दाबायची राहून गेली. सहाच्या सहा चकरा राहून गेली!

वेळ साहेबांनी मोजली होती म्हणून बरं. परवाना मिळाला.

भाची कागद हातात घेऊन आली आणि पुन्हा बादलीवर जाऊन बसलेल्या मामांशेजारी खाली बसली.  मग तिनं विचारलं, नुसतं ढिलं वाटलं म्हणून कपची घातलीस?



"ढिलाईचं निमित्त गं. वाटलं, ब्रेक जरा आधी लागेल, तर तू जरा हळू जाशील. मला भीती वाटते. दोन वर्षं तुझ्या चकरा मी डोळे मिटून मोजल्यात, आवाजावरून."

भाची बघतच राहिली. "आणि दर वेळी 'वळण झकास घेतलंस' म्हणायचास, ते?"

"अंदाजानं." मामांनी बंद घड्याळाकडे पाहिलं. "आज डोळे उघडे ठेवले, बाळ. अंदाज फारच कमी पडत होता."