धकातेचा खंदक

माझ्या मामाच्या तेरवीला सुधाकर धकाते पोटभर जेवला, हात धुतले आणि थेट मामीसमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "मामी, वांग्याची भाजी उद्दिष्टापर्यंत पोचली. बुंदी मात्र अर्ध्यातच राहिली. पाक कच्चा होता." मी मागून त्याचा शर्ट ओढत होतो. मामी डोळ्यांना पदर लावून बसली होती. तिनं पदर बाजूला केला आणि म्हणाली, "मी तेच सांगून राहिली होती त्या सैपाकी महाराजाले, पण माहं ऐकते कोण." मग ती दोघं पाकावर बोलत बसली आणि मी, सख्खा भाचा, पत्रावळी उचलत राहिलो.

आम्ही दोघं तेव्हा नागपुरात बी.एड. करत होतो. त्या काळात ज्यांनी बी.एड. केलं त्यांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. तिथे शिकवण्यापेक्षा शिकवण्याची तपासणी जास्त चालायची. एकानं वर्गावर पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी मागच्या बाकावर बसून त्याच्या चुका काढायच्या. पाठाला आधी प्रस्तावना पाहिजे. मग हेतुकथन, म्हणजे 'मुलांनो, आज आपण अमुक शिकणार आहोत' असं तोंडानं सांगायचं. शेवटी मूल्यमापन. आम्ही हे सगळं परीक्षेपुरतं घोकलं आणि विसरलो. सुधाकरच्या ते अंगात भिनलं. न्हाव्याच्या खुर्चीत बसला तरी तो आधी हेतुकथन करायचा. चहावाल्याला विचारायचा, "आजच्या चहातून तुले काय साध्य करायचं होतं गा?" चहावाला म्हणायचा, "दुकान बंद करून घरी जायचं होतं, भाऊ."

माणूस वाईट नव्हता, पण डोकं उठवायचा. आणि माझं डोकं मुळातच लवकर उठतं.

त्याचं घर तांडापेठेत. घरात दोन हातमाग. बाप गेल्यावर एका मागावर आई बसायची, दुसऱ्यावर मोठा भाऊ नामदेव. मी शेजारच्या घरात खोली घेऊन राहायचो, त्यामुळे उठल्यापासून त्यांची खटखट कानावर असायची. नामदेवदादा आधी फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईतून तो धडधाकट परत आला, पुढे फौज सोडून घरी आला, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला आणि त्याचं बोलणं आटलं. मुका झाला असं नाही. मीठ दे म्हणायचा, सूत संपलं म्हणायचा. पण लढाईचा विषय निघाला की उठून बाहेर जायचा. आई म्हणायची, "माहा पोरगा आला गा, पण पुरा नाही आला."

जगातल्या यच्चयावत गोष्टींना शेरे देणारा सुधाकर या एका गोष्टीपुढे हात टेकून बसला होता. एकदा मला म्हणाला, "गजा, मले दुसरं काही नको. दादा एकदा बोलला पाहिजे. पोटात ठेवून ठेवून हा माणूस मरून जाईन." मी म्हटलं, बोलेल हळूहळू.

त्या वर्षी कॉलेजात प्रत्येकानं एक शैक्षणिक साधन तयार करायचं होतं आणि आपल्याच निर्मितीचं मूल्यमापन लिहून द्यायचं होतं. कोणी मातीचा ज्वालामुखी केला. मी पुठ्ठ्याचं हृदय केलं. सुधाकर वर्गात उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मी लढाईवर लघुचित्रपट करतो. थरारपट." सर म्हणाले, "धकाते, तक्ता कर, तक्ता." पण हा कुठला ऐकतो.

कॅमेरा महाल भागातल्या एका स्टुडिओवाल्याचा. तो लग्नाच्या फिल्मा काढायचा. चावी भरायचा लहानसा कॅमेरा, चालू केला की खरखर वाजायचा. त्याची मुलगी सुधाकरच्या शिकवणीमुळे मॅट्रिक झाली होती, म्हणून बिचारा नाही म्हणू शकला नाही. फिल्मचा रोळ मात्र एकच होता आणि तोही अर्धा त्याच्या मेहुणीच्या लग्नात वापरलेला. "सर, दूसरा नहीं मिलेगा," त्यानं बजावलं. "बाहर से आता है. जो करना है, इसी में करो."

एका रविवारी आम्ही शहराबाहेर वाडीला गेलो. गोदामांच्या मागे मोकळी जागा होती. नट दोनच, मी आणि वर्गातला लोखंडे. गोष्ट अशी की ब्लॅकआउटची रात्र आहे, शत्रूचा हेर कंदील दाखवून विमानांना खूण करणार आहे आणि आपला जवान त्याला पकडणार आहे. पण त्या फिल्मवर अंधारात काही उमटत नाही, म्हणून ही रात्र भर दुपारी काढायची होती. डोक्यावर ऊन, घामानं शर्ट चिकटलेला आणि आम्हा दोघांच्या मध्ये जमिनीवर पेटता कंदील.

मी विचारलं, "यातला हेर कोण?"

"ते सांगणार नाही," सुधाकर म्हणाला. "सांगितलं तं तुमच्या तोंडावर दिसते."

"अरे, पण मी कोणाले पकडायचं?"

"हेराले."

आता सांगा. लोखंडे मला हेर समजून रांगत होता, मी लोखंडेला हेर समजून रांगत होतो. मध्येच मला शंका आली की हेर मीच असेन, म्हणून मी जरा चोरट्यासारखं रांगायला लागलो. ते पाहून लोखंडेची खात्रीच पटली आणि तो माझ्या अंगावर धावून आला. त्यात हा बाबा प्रत्येक दृश्य झालं की आम्हाला उकिडवं बसवून विचारायचा, "सांगा बरं, या दृश्यातून तुमाले काय समजलं?" लोखंडे प्रामाणिकपणे म्हणायचा, "काही नाही समजलं." "छान," सुधाकर म्हणायचा आणि पुढच्या दृश्याची चावी भरायचा.

तेवढ्यात गोदामांवरच्या ट्रकवाल्यांनी एक हवालदार आणला. "भर उन्हात कंदील घेऊन काय करून राहिले बे?"

सुधाकर शांतपणे म्हणाला, "साहेब, रात्र आहे."

हवालदारानं वर पाहिलं.

"ब्लॅकआउट आहे," सुधाकरनं खुलासा केला.

"ब्लॅकआउट आहे तं कंदील काहून पेटवला?"

"प्रश्न चांगला आहे," सुधाकर खूश होऊन म्हणाला. "कारण यातला एक जण हेर आहे."

"कोण आहे हेर?" हवालदारानं दरडावून विचारलं. मी लोखंडेकडे बोट केलं आणि लोखंडेनं माझ्याकडे. हवालदार बराच वेळ आम्हा दोघांकडे पाहत राहिला. शेवटी तोही एका पोत्यावर बसून शूटिंग पाहायला लागला. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, तूच होय ना?" मी म्हटलं, "मले माहीत असतं तं सांगितलं असतं, साहेब."

हे सगळं मी सहन केलं असतं. माझं डोकं खरं फिरलं ते सलामावरून. सुधाकरनं आम्हा दोघांनाही डाव्या हातानं सलाम करायला लावला. मी एन.सी.सी. केलेला माणूस. म्हटलं, "अरे, सलाम उजव्या हातानं करतात, हे शेंबड्या पोरालेही माहीत आहे."

"डावाच राहू दे."

बंदूक लाकडी होती. तिचा दस्ता खांद्याला लावायचा, तर यानं पोटाला लावायला सांगितला. खंदक म्हणून गुडघाभर खड्डा खणला. त्यात मी बसलो की कमरेपासून वर सगळा बाहेर. ज्या माणसाला तेरवीच्या बुंदीचा कच्चा पाक चालत नाही, त्याला हे कसं चालतं, मला कळेना. भांडून भांडून माझा घसा बसला. तो खाली मान घालून एवढंच म्हणायचा, "राहू दे गा गजा. असंच पाहिजे."

फिल्म धुवायला मुंबईला गेली आणि बऱ्याच दिवसांनी परत आली. एका संध्याकाळी ती धकात्यांच्या घरीच दाखवायचं ठरलं. मी आणि लोखंडे होतोच, स्टुडिओवाला फिल्म दाखवायचं मशीन घेऊन आला. आईनं विणलेलं कोरं कापड भिंतीवर ताणलं. खिडकीला गोधडी लावली. नामदेवदादाला कोणी बस म्हटलं नाही. त्याचं थोडं काम राहिलं होतं, म्हणून तो आपल्या मागावर बसून होता, आमच्याकडे पाठ करून; मान वर केली तर कापड त्याच्या समोरच होतं. स्टुडिओवाल्यानं मशीन सुरू केलं.

पहिल्याच दृश्यात मी जमिनीवर रांगत होतो आणि माझ्या पाठीवरून वऱ्हाडी मंडळी जेवायला निघाली होती. मग लोखंडेच्या छातीतून एक नवरी बाहेर आली आणि हळूच हसली. त्या रोळाची एक बाजू वापरून झाली की तो उलटून दुसऱ्या बाजूवर काढायचं असतं. स्टुडिओवाला गडबडीत उलटायचा विसरला होता, त्यामुळे लग्नावरच आमची लढाई उमटली होती. तो डोकं धरून म्हणाला, "अरे बाप रे, ये तो मेरी साली है."

"ही बाई कोण होय?" आईनं विचारलं.

"ती चुकून आली, आई," सुधाकर म्हणाला.

"मले तं तीच हेर वाटून राहिली," आई म्हणाली. मला विचाराल तर त्या फिल्मचा तेवढाच एक अर्थ लागत होता.

पुढे वऱ्हाड संपलं आणि चित्र स्वच्छ झालं. डावा सलाम, पोटाला बंदूक, गुडघाभर खंदक, सगळं ठळक दिसलं. मग कापड नुसतंच पांढरं झालं. स्टुडिओवाल्यानं मशीन बंद केलं, मी दिवा लावला. सुधाकर पुढे येऊन उभा राहिला. "आता मूल्यमापन," तो म्हणाला. "या चित्रपटात काय चुकलं?" त्याची नजर आमच्याकडे नव्हती, मागाकडे होती. मी सलामाचं काढणार तोच त्यानं माझ्या पायावर पाय दिला.

मागाची खटखट कधीची थांबली होती, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"खंदक," नामदेवदादा म्हणाला.

"काय, दादा?"

"खंदक असा नसते. गुडघ्याएवढ्या खंदकात माणूस मरते." तो अजून पाठमोराच होता. "छातीएवढा खोदा लागते. आम्हाले वेळ नाही भेटला. जमीन कडक होती. माह्या बाजूले दिनकर होता. तो उंच होता." मग पुन्हा म्हणाला, "लय उंच होता."

दादा मागातून वळला आणि माझ्यावर आणि लोखंडेवर घसरला. सलाम कोणत्या गाढवानं शिकवला, बंदूक पोटाला लावतात का, रांगताना बूड वर करून रांगतात का. तो रागावत होता, मध्येच दिनकरचं सांगत होता, पुन्हा रागावत होता. दिनकर रात्री गाणी म्हणायचा. दिनकरच्या घरी दादा जाऊन आला होता आणि दारातूनच परत फिरला होता. आई त्याच्याजवळ जाऊन मागाच्या खड्ड्याशी बसली. शेवटी दादा म्हणाला, "रविवारी चला वाडीले. खंदक मी खोदून देतो. पुन्हा काढा."

बाहेर ओट्यावर सुधाकर बसला होता. रडत होता आणि शर्टाच्या बाहीनं नाक पुसत होता. मी म्हटलं, "म्हणजे तुले सलाम माहीत होता?"

"दादानंच शिकवला होता गा, मी लहान होतो तेव्हा." तो म्हणाला. "पण विचारलं की तो उठून जाते. म्हटलं, चूक दाखवावी. चूक दिसली की फौजी माणसाले राहवत नाही. मले तरी दुसरं काय येते?"

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. आमच्यात तशी पद्धत नव्हती, म्हणून मी त्याच्या शेजारी बसून राहिलो.

शनिवारी कॉलेजात तीच फिल्म दाखवली. नवरी आली तेव्हा वर्ग खो खो हसला. सरांनी चष्मा पुसत विचारलं, "धकाते, याचा हेतू तरी काय?" हेतुकथनावर जगणारा हा माणूस त्या दिवशी हेतू बोलला नाही. "साध्य झाला, सर," एवढंच म्हणाला आणि खाली बसला. त्याला वर्गात सगळ्यांत कमी गुण पडले.

रविवारी सकाळी आम्ही कॅमेरा आणायला स्टुडिओत गेलो. "रोल किधर है?" स्टुडिओवाला म्हणाला. "खाली कॅमेरा ले जाके क्या करोगे?" सुधाकर म्हणाला, "चालते, भैया. तुम्ही फक्त चावी भरून द्या."

वाडीला नामदेवदादा आमच्या आधी पोचला होता, कुदळ घेऊन. त्यानं कोणालाही हात लावू दिला नाही. जमीन तिथेही कडक होती. ऊन चढलं तरी तो खोदत राहिला, छातीपर्यंत आत गेला तेव्हा थांबला. मग मला पाहून म्हणाला, "तू उंच आहे. तू इथी राह्य." मी आत उतरलो. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून मला खाली दाबलं. "खाली. अजून खाली. आता राह्य." मी दबून बसलो. मला वरचं काही दिसत नव्हतं, म्हणजे वरून मीही कोणाला दिसत नव्हतो. त्याचा हात माझ्या डोक्यावरच होता आणि तो बराच वेळ तिथून निघाला नाही. वर सुधाकर कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता. चावी संपली की पुन्हा भरत होता आणि रिकामा कॅमेरा खरखर करत होता.

शेवटी दादा वर चढला. अंगावरची माती झटकली, आणि लहान भावाकडे न पाहता विचारलं, "आलं का गा सारं त्याच्यात?"

"आलं, दादा," सुधाकर म्हणाला. "सारं आलं."