किन्हीराजा येथील चिलटांची मोहीम

श्री. मौजे किन्हीराजा येथे जानराव यांचे घरी चिलटांनी जो पुंडावा मांडिला आणि त्याचा बीमोड कैसा जाहला, ते घडले तैसे लिहितो. पदरचे घालीत नाही.

जानरावांची कन्या राखीबाई बाळंतपणास माहेरी आली आणि नातू जन्मला आणि जानरावांस राज्य मिळाल्याचा आनंद जाहला. तोच चिलटांची फौज घरात उतरली. चहात पडो लागली, कानी गुणगुणो लागली, मग थेट बाळराजांचे पापणीवर ठाणे देवोन बैसली. ही खबर वाशीमास विहीण गंगूबाईसाहेब यांस लागली. त्यांनी मोबाइलवरोन फर्माविले की, "परवा येतो. पोराच्या डोयावर एक बी चिलट दिसलं तं माय-लेकरू संगं घेऊन जातो." जानरावांचा धीर खचला. पाळणा रिकामा जाहला तर या घरी राहिले काय, ऐसे म्हणोन घास उतरेना.

मग मसलत करोन कडुनिंबाचे पाल्याची धुरी केली. धूर ऐसा दाटला की चिलटे जागीच राहिली आणि घरची माणसे खोकत अंगणात पळाली. मग वाटीत गूळपाणी मांडिले. ते गनिमाने रसद समजोन खादले आणि आणखी भाऊबंद बोलाविले. मग बाजारातोन विजेची बॅट आणविली. तिचे जाळीतोन चिलटे वेशीतोन वरात जावी तैसी आरपार गेली आणि झटका मात्र जानरावांचे बोटास बसला.

तेव्हा त्यांचे कुटुंब कस्तुराबाई उंबऱ्यात उभ्या राहोन बोलिल्या, "अवो, घरभर बॅट फिरवून राह्यले, दारावरचं कोहळं पाह्यलं काय?"

नातवास दृष्ट लागो नये म्हणोन जानरावांनी अमावास्येस स्वहस्ते टांगिलेले ते भुरे कोहळे. ज्यास दरवाजाची किल्लेदारी दिधली, तोच आतोन सडोन गनिमास फितूर. अवघी फौज त्याचेच पोटातोन निघत होती.

"काढलं अन् पोराले काई झालं तं?"

"नजर लागाची तवा लागन. चिलटं तं आताच डोयात जाऊन राह्यली!" ऐसा हुकूम जाहला.

जानराव स्टुलावर चढले. दोर तोडितांच कोहळ्याचे बूड सुटले आणि रस टोपीवरोन मिशीपर्यंत उतरला. परंतु हातचे सोडिले नाही. तैसेच नेवोन गावाबाहेर खोल पुरिले, मग चौकट फिनाइलने धुतली आणि रात्रभर पाळण्यास पदराचा वारा घातला गेला.

नेमिले दिवशी गंगूबाईसाहेब दाखल जाहल्या. चहा निरखिला, पापण्या निरखिल्या. मग व्याह्यांकडे वळल्या. "इवाई, घर तं मस्त साफ ठेवलं. राहू द्या पोराले महिनाभर," ऐसे बोलोन त्यांनी पिशवी खुंटीस लाविली, "मी बी राहतो," म्हणाल्या आणि कूलरसमोर जानरावांचे बाजेवर आडव्या जाहल्या.

येणेप्रमाणे गनीम नेस्तनाबूत जाहला, नातू आजोळी राहिला. जानराव ओसरीवर चटई टाकोन, पाळण्याची दोरी हाती धरोन निजले. फत्ते जाहली. आपले बाजूची एक बाज कामी आली.