टिकलीच्या मेंदूचं मोजमाप

मूल वाढतं ही गोष्ट पूर्वी नुसत्या डोळ्यांनी कळायची. बूट चावायला लागले, खोलीचं दार धाडकन आपटलं, की मूल मोठं झालं असं लोक बिनदिक्कत समजत. या निष्काळजीपणामुळे पिढ्यान्‌पिढ्या मेंदूची मोजणी न होताच वाढल्या. (आपण सगळे त्यातलेच. परिणाम समोर आहेत.)

बालमेंदू मापन केंद्रानं ही उणीव दूर केली. तिथल्या डॉक्टरीणबाई स्कॅनच्या यंत्रात शेकडो मुलांच्या मेंदूंची चित्रं काढून, वयाबरोबर मेंदू कसा बदलतो याचा अभ्यास करत होत्या. एकेका मुलाला आकडा देण्याचा त्यांचा विचार नव्हता. तो विचार पालकांचा. दोनशे सतरा विनंतीअर्ज आणि उपोषणाची एक नोटीस आल्यावर अहवालात नवा रकाना आला : 'समवयस्क शंभर मुलांपैकी किती जणांच्या पुढे'.

शेजारचा डुग्गू अठ्ठ्याऐंशी जणांच्या पुढे निघाला. त्याच्या मेंदूचं चित्र चौकटीत घालून दिवाणखान्यात लागलं, आणि टिकलीच्या वडिलांची झोप उडाली. ते लिफ्टचे तपासनीस. प्रमाणपत्राशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा. टिकली तेरा वर्षांची, शाळेच्या पोहण्याच्या संघाची कप्तान, पण लेखी पुरावा काहीच नाही.

"वीस मिनिटं अजिबात हलायचं नाही," यंत्र चालवणाऱ्या बाई टिकलीला म्हणाल्या. "खडखडाट होईल, घाबरू नकोस."

यंत्रात चेहऱ्यावर छोटा आरसा असतो. त्यातून बाहेरची काच दिसते. मुलीनं हलू नये म्हणून वडील काचेपाशी उभे राहिले आणि दोन्ही हातांनी 'हलू नकोस' अशा खुणा करत राहिले. (तेवढ्या खुणांत एखादं विमान सुखरूप उतरलं असतं.)

अहवाल आला : एकतीस.

वडिलांनी तातडीनं उपाययोजना केली. रोज सात अक्रोड. जेवताना शब्दकोडं. मोबाइल बंद, आणि डुग्गूशी सहवास सुरू, हुशारीची लागण व्हावी या हेतूनं.

आठवडाभरानं टिकली आईला म्हणाली, "कप्तानपद सोडलं मी."

"का गं?"

"एकतीसच्या मेंदूनं कसले निर्णय घ्यायचे? डुग्गूची आई सगळ्यांना सांगत फिरतेय."

हे ती रडत म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अक्रोड खात, शांतपणे म्हणाली.

आई शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. काटा हलत असताना वजन लिहायचं नाही, हे मुलांना सांगण्यात तिची वीस वर्षं गेली होती. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती अहवाल घेऊन केंद्रावर गेली.

डॉक्टरीणबाईंनी मूळ चित्र उघडलं आणि कपाळाला हात लावला. "ही हललीय. हललं की चित्र धूसर येतं, मापं चुकतात. हा आकडा द्यायलाच नको होता. चूक आमची."

"हलली नाही, हसली," यंत्रवाल्या बाई म्हणाल्या. "सगळी वीस मिनिटं. काचेपाशी हिचे बाबा हातवारे करत उभे होते ना!"

"मग एकतीस कोणाचे?"

"तुमच्या मिस्टरांच्या हातवाऱ्यांचे म्हणा."

संध्याकाळी आईनं हे सगळं घरी सांगितलं. वडील टिकलीच्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाले, "चुकलंच माझं. परत काढू. मी बाहेर थांबतो. इमारतीच्याही बाहेर."

"नको बाबा."

"अगं, ऐंशी येतील!"

"मग दर वर्षी ऐंशी आणत बसू?"

सकाळी टिकली स्वतःच क्रीडाशिक्षकांकडे गेली आणि कप्तानपद परत मागून आली. घरात कोणाला विचारलं नाही.

केंद्रानं तो रकाना काढून टाकला. तो पुन्हा सुरू व्हावा म्हणून पालकांच्या सह्यांची मोहीम जोरात चालू आहे.

राहता राहिले आपण. इथवर वाचताना आपल्या घरच्या मुलाला किती मिळाले असते, याचा अंदाज आपण मनातल्या मनात बांधलेला आहे, आणि तो पन्नासच्या वरच आहे. म्हणजे निम्म्या वाचकांचा हिशेब साफ चुकला. (आपण अर्थातच उरलेल्या निम्म्यांत.)