वहीदचाचांच्या खुर्च्या

आमच्या जालन्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काही अडलं की वहीदचाचा आधी खुर्च्या मांडतात, मंग त्यावर आम्हाला. "काळे, तुम्ही नेटवर्क. बेटा, तू डेटाबेस. बसा बराबर!" सोबतचे काळे अन् मी, दोघांनी कॉम्प्युटरच्या यंत्रणेचा एकेक भाग व्हायचं.

आमचं काम म्हणजे कुठल्या कंपनीला काय काय लागतं ते एका टेंप्लेटमध्ये लिहायचं. ते चालवलं की दूर कुठंतरी सगळी यंत्रणा आपोआप उभी राहते. पण त्यात एकाला दुसऱ्याचा पत्ता लागतो. तो मिळाला नाही की सगळं ठप्प.

"ज्याची चीज, त्यालाच पूछो," हे चाचांचं ठरलेलं वाक्य. मंठ्याच्या बाजारात कलिंगड गोड आहे का, हे ते विकणाऱ्याला विचारत नाहीत. कलिंगडाला थापट्या मारून कान लावतात.

फक्त सनाच्या बाबतीत सगळं उलटं. सना त्यांची एकुलती एक लेक, माझी शाळेपासूनची मैत्रीण. हैदराबादची नोकरी धरली ते तिनं अम्मीकडून कळवलं, म्हणून चाचा रुसले. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. रोज डबा उघडला की चाचा मला हळूच, "सनाचा खोकला गेला का?" तिकडून सना, "अब्बा गोळ्या घेतात का गं?" मधल्यामध्ये माझ्या डोक्याचा पार भुगा.

परवा टेंप्लेट अडलं. मी डेटाबेस होऊन बसले, तर चाचा चहा पिऊ देईनात. "डेटाबेस चहा पिती का?" मंग टेंप्लेटमधल्या ओळीत होतं तसंच त्यांनी काळ्यांना विचारलं, "डेटाबेसचा पत्ता सांगा."

"मला काय म्हाईत? ती समोर बसली ना, तिला इचारा!" काळे वैतागले.

चाचांनी टाळी वाजवली. "बिलकुल! नेटवर्कपाशी ते न्हाईच, तर देईल कुठून? ही ओळ कोणत्या शहाण्यानं लिहिली?"

शहाणे तेच होते. पत्ता थेट डेटाबेसलाच विचारावा अशी त्यांनी ओळ बदलली, यंत्रणा उभी राहिली.

जेवताना पुन्हा सुरू. "बेटा, सनाचा खोकला..."

मी डबा बाजूला सारला. "चाचा, मी नेटवर्क. माझ्यापाशी न्हाई ते." फोन लावला, स्पीकर चालू केला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला.

"हॅलो?" सना म्हणाली.

चाचांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. खुर्चीकडं वाकून म्हणाले, "खाना खाई क्या बेटा?"

तिकडून रडका आवाज आला, "खाई अब्बा. आप गोली खाए?"

चाचांनी डोळे पुसले अन् माझ्यावरच डाफरले, "इतके दिवस तुला इचारून राह्यलो, तवाच फोन का न्हाई लावून दिला?"